काचेच्या पाठीवर सोन्याची अक्षरे : माझा अनुभव

लंडनमधील व्हिक्टोरियन काळातल्या, भिंतीला भिंत लावून बांधलेल्या घरांच्या दाराच्या वरच्या बाजूला एक आडवी काच असते. तिच्यातून आतल्या अरुंद बोळात उजेड येतो आणि बऱ्याच घरांमध्ये त्याच काचेवर घराचा क्रमांक सोन्याच्या वर्खात लिहिलेला असतो. आमच्या दारावरची मूळ काच पूर्वीच्या कोणा मालकाने काढून टाकली होती व तिच्या जागी साधी काच बसवली होती. ती बदलण्याचे ठरले तेव्हा क्रमांकाच्या खाली घराचे नाव, ‘कृष्णाई’, देवनागरीत असावे आणि तेही छापील चिकटपट्टीचे नव्हे, तर शेजारच्या जुन्या काचांवर आहे त्याच पद्धतीने लिहिलेले असावे, असे मला वाटले. तशी काच करून देणारे कारागीर आजही आहेत. मात्र देवनागरी अक्षरांची जबाबदारी घेण्यास त्यांपैकी कोणी फारसे उत्सुक दिसले नाही. तेव्हा एका कार्यशाळेत जाऊन हे काम शिकून घेतले, काठावरची आम्लाने कोरलेली नक्षी तिथून करून घेतली आणि सोन्याचे काम स्वतः केले.

आमच्या शिक्षिकेने वर्ख हातात देण्याआधी आम्हाला जुनी कामे पाहायला पाठवले. ब्रिटनमध्ये काचेवरचे अबकारी शुल्क 1845 मध्ये रद्द झाले आणि 1851 मध्ये खिडक्यांवरचा करही गेला. त्यानंतर मोठ्या तावांची जाड काच स्वस्त झाली आणि दुकाने, औषधालये व विशेषतः मद्यगृहे यांनी तिचा सढळ वापर केला. लंडनच्या होबर्न भागातील ‘प्रिन्सेस लुईझ’ या मद्यगृहाची 1891 च्या सुमाराची अंतर्गत सजावट अजून टिकून आहे. तिथल्या आरशांवर आम्लाने कोरलेले वेल, चाकावर कापलेल्या चमकत्या रेषा आणि मागून लावलेले सोने ही सगळी कामे एकाच काचेवर शेजारी शेजारी दिसतात. मी काहीही न पिता आरशांना नाक लावून उभी असल्याचे तिथल्या माणसाने बराच वेळ सहन केले, याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत. जवळून पाहिल्यावर एक गोष्ट पक्की कळली : सोने काचेच्या पुढच्या बाजूला कुठेही नव्हते. सगळे काम पाठीमागून केलेले असते आणि पाहणाऱ्याला ते काचेतून दिसते, म्हणून शंभर वर्षे पुसूनही ते झिजत नाही.

पाठीमागून काम करायचे म्हटले की क्रम उलटा होतो. कागदावर आधी पार्श्वभूमी, मग आकृती आणि शेवटी बारकावे येतात; काचेवर बारकावे आधी येतात आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. आपल्याकडच्या जुन्या काचचित्रांमध्येही हीच रीत आहे; देवीच्या डोळ्यातली बाहुली आणि नथीतला मोती आधी रंगवावा लागतो, चेहऱ्याचा रंग त्याच्या मागे चढतो. मागचा थर चढल्यावर पुढच्या थराला हात लावता येत नाही. त्यामुळे हे काम करताना हाताच्या सफाईपेक्षा आखणीवर अधिक वेळ जातो, आणि माझाही तसाच गेला.

काठाच्या नक्षीसाठी वापरलेले हायड्रोफ्लोरिक आम्ल विद्यार्थ्यांच्या हाती दिले जात नाही, आणि ते योग्यच आहे. हे आम्ल काच खाते, पण त्वचेवर पडल्यास, विशेषतः ते सौम्य असल्यास, आरंभी फारसे दुखतही नाही. ते आत झिरपते, शरीरातल्या कॅल्शियमशी संयोग पावते आणि खोलवर इजा करते. कार्यशाळेत कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताच्या अंतरावर ठेवलेली असे, आणि शिक्षिका मुखवटा, जाड हातमोजे व एप्रन घातल्याशिवाय त्या खोलीत पाऊल टाकत नसत. आम्ही दाराच्या काचेतून पाहत होतो. जिथे काच कोरायची नाही तिथे डांबरासारखा काळा रोधक लेप लावलेला होता. शुद्ध आम्लाने उघड्या भागात काच खोल होते, पण पारदर्शकच राहते. अल्कली घालून अंशतः निष्प्रभ केलेल्या ‘पांढऱ्या’ आम्लाने ती दुधाळ होते. आणि त्या दुधाळ भागावर पुन्हा सौम्य आम्ल कमी-अधिक वेळ ठेवले की तो रेशमासारखा मऊ दिसू लागतो. प्रत्येक पायरीला काही भाग लेपाने झाकत गेल्याने एकाच काचेवर तीन वेगळ्या छटा मिळतात. वाळूच्या फवाऱ्याने हेच काम आज झटपट होते, परंतु त्या पृष्ठभागाला एक रवाळ, कोरडा पांढरेपणा असतो. आम्लाच्या छटांमधली खोली त्याला येत नाही, असे माझे मत झाले. दोन्ही नमुने उजेडात धरून पाहिले की ते कोणालाही पटेल.

सरस वापरून काच टवकवण्याची पद्धतही तिथे पाहायला मिळाली. आधी वाळूने खरखरीत केलेल्या काचेवर प्राणिज सरस गरम ओततात. तो वाळताना इतक्या जोराने आकसतो की काचेचे पातळ टवके आपल्यासोबत उपसून काढतो आणि मागे नेच्याच्या पानांसारखी नक्षी उरते. हवा दमट असेल तर सरस नीट आकसत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात हे काम करणाऱ्याची काय गत होईल, हा विचार तेव्हा मनात आला. माझ्या काचेत या पद्धतीला जागा नव्हती.

अक्षरांची आखणी हा खरा अवघड भाग ठरला. शेजारच्या घरांवरच्या इंग्रजी अंकांना शतकभराची घडण आहे : उभ्या रेषा जाड, आडव्या बारीक, कडेने चकचकीत सोन्याची किनार आणि मध्ये मंद सोने. देवनागरीत लेखणीचा काट वेगळा पडतो, आडव्या रेषांनाही भार असतो आणि शिरोरेखा तर सगळ्या शब्दावरून अखंड जाते. इंग्रजी अंकांची जाडी जशीच्या तशी ‘कृष्णाई’ला लावून पाहिली तेव्हा शिरोरेखा दोऱ्यासारखी बारीक झाली आणि ‘ष्णा’ एखाद्या जाळीसारखे दिसू लागले. अखेर शिरोरेखेची जाडी कान्याच्या सुमारे तीन चतुर्थांश ठेवली, ‘ई’च्या डोक्यावरच्या आकड्याला वर मोकळी जागा सोडली आणि ‘कृ’च्या ऋकारासाठी खालची ओळ थोडी सैल केली. मूळ आकाराचे रेखाटन कागदावर पक्के झाल्यावर त्याच्या रेषांवर सुईने बारीक भोके पाडली. हा कागद काचेवर ठेवून त्यावर खडूच्या पुडीची पुरचुंडी थोपटली की ठिपक्यांची आकृती उमटते. हा खाका दोनदा लागतो : एकदा सुलटा, काचेच्या पुढच्या बाजूवर, सोने कुठे लावायचे हे कळावे म्हणून, आणि नंतर उलटा, लावलेल्या सोन्याच्या पाठीवर.

काच स्वच्छ करण्याबाबत शिक्षिका कमालीच्या कडक होत्या. पाण्यात कालवलेल्या बारीक खडूने ती घासायची, कोरड्या कापडाने पुसायची आणि मग बोटाचा ठसाही उमटू द्यायचा नाही, कारण तेलाचा लवलेश असेल तिथे वर्खाखाली डाग दिसतो. वर्ख चिकटवणारे द्रावण मात्र थक्क करण्याइतके साधे असते : अर्धा लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात औषधाची एक रिकामी जिलेटिन कॅप्सूल विरघळवायची. जिलेटिन अधिक झाले तर सोने धूसर दिसते, कमी झाले तर वर्ख सुटतो. त्या दिवसांत आई वाईहून आमच्याकडे आलेल्या होत्या. जिलेटिन कशाचे असते हे कळल्यावर दारावरच्या नावाला ते कसे चालेल, असे त्यांनी विचारले. पूर्वी यासाठी माशाच्या फुग्यापासून केलेला सरस वापरत, हे सांगून काही उपयोग झाला नाही, उलट विषय वाढला.

वर्खाचे पान 80 मिलिमीटर चौरस असते, एका पुस्तिकेत 25 पाने येतात, आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी असते. ते उजेडासमोर धरले तर पलीकडचा प्रकाश हिरवट दिसतो. बोटाने उचलता येत नाही. खारीच्या केसांचा रुंद, चपटा कुंचला गालावरून एकदा फिरवायचा, म्हणजे त्याला त्वचेचे किंचित तेल लागते आणि तेवढ्यावर पान उचलले जाते. खिडक्या बंद, पंखा बंद, बोलणेही बंद. काच तिरकी उभी करून वरच्या बाजूने सुरुवात करायची, म्हणजे खालच्या ओळीसाठी सोडलेले पाणी आधी लावलेल्या पानांवर येत नाही. काचेवर द्रावण भरपूर वाहते ठेवायचे आणि पान जवळ न्यायचे. शेवटचे काही मिलिमीटर ते स्वतःच उडी घेऊन काचेला बिलगते. ही उडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी श्वास रोखायच्या ऐवजी हसले आणि पुढचे पान वर्ख ठेवायच्या उशीवरच घडी होऊन बसले.

इथे शिरोरेखेने पुन्हा वेगळी मागणी केली. इंग्रजी अंक सुटे असतात, एकेक अंक दोन-तीन पानांत बसतो. साधारण साठ सेंटीमीटर लांबीच्या शिरोरेखेत मात्र आठ-नऊ पानांचे सांधे येतात, आणि सरळ, चकचकीत रेषेवरचा प्रत्येक सांधा डोळ्याला लगेच दिसतो. उपाय असा निघाला की पाने सुरीने आधी मापात कापायची आणि सांधा शक्यतो तिथे आणायचा जिथे कान्याची उभी रेषा शिरोरेखेला मिळते. तिथे नजर वळणावर असते, सांधा हरवून जातो. शिक्षिकेने हे पाहून, ही युक्ती आपल्याला कधी लागली नव्हती, असे म्हटले.

लावल्यावर सोने मळकट दिसते. पाणी सुकत जाते तशी कडेकडून चमक सरकत येते आणि पूर्ण वाळल्यावर आरसा तयार होतो. मग मऊ कापसाने अगदी हलके घोटायचे, उजेडावर धरून चिरा आणि भोके शोधायची आणि वर्खाचा दुसरा थर त्याच पद्धतीने द्यायचा. त्यानंतर काचेवरून गरम पाणी सोडले की जिलेटिनचा अतिरिक्त अंश निघून जातो आणि चमक एकदम उजळते. एवढे नाजूक काम झाल्यावर त्यावर गरम पाणी ओतायला हात धजत नाही, पण ही पायरी टाळू नये. पुढून पाहिल्यावर फरक स्पष्ट कळतो.

यानंतर उलटा खाका ठेवून सोन्याच्या पाठीवर अक्षरे काळ्या रंगाने रंगवायची. हा रंग कोणाला दिसत नाही, पण अक्षराची कड तोच ठरवतो. रंग पक्का वाळल्यावर ओल्या कापसाने आणि खडूने उरलेले सगळे सोने पुसून काढायचे. इतके सोने कापसावर जाताना पाहणे जिवावर येते. अंकांची फक्त किनार या पहिल्या सोन्याची ठेवली. मधला भाग मोकळा करून त्यावर तेलाचे सावकाश वाळणारे वार्निश लावले, ते बोटाच्या सांध्याने स्पर्श केल्यावर किंचित चिवट लागू लागले तेव्हा त्यावर वर्ख दिला. तेलावर बसलेले सोने मंद, पिवळ्या मखमलीसारखे दिसते आणि चकचकीत किनार त्याच्याभोवती उठून येते. ‘कृष्णाई’च्या रेषांमध्ये अशी दुहेरी मांडणी बसण्याइतकी रुंदी नव्हती, म्हणून नाव पूर्ण चकचकीत ठेवले.

अक्षरांना खाली एका बाजूने गडद छाया देण्याची इथली जुनी प्रथा आहे. अंकांना ती शोभली. देवनागरीत मात्र शिरोरेखेची छाया थेट अक्षराच्या पोटात पडते आणि ‘ष्णा’मधली मोकळी जागा बुजते. म्हणून नावाला छाया फक्त उभ्या रेषांच्या कडेने, बारीक आणि सोन्यापासून केसभर अंतर सोडून दिली. त्या फटीतून मागचा गर्द हिरवा रंग दिसतो. शेवटी मागच्या सगळ्या रंगांवर पारदर्शक वार्निश फिरवले आणि ते रंगाच्या कडेबाहेर मिलिमीटरभर काचेवर उतरवले, कारण हिवाळ्यात घराच्या आतल्या बाजूला काचेवर दव धरते आणि पाणी कडेतूनच आत शिरते.

काच लाकडी चौकटीत जवसाच्या तेलाच्या लांबीने (पुट्टीने) बसवून घेतली. बाहेरची बाजू कशानेही पुसता येते. आतल्या बाजूला अमोनिया असलेले द्रव लावायचे नाही, फक्त कोरडे मऊ कापड. देवनागरीत असे काम करू इच्छिणाऱ्याने 60 मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर घेऊ नये आणि जोडाक्षर असलेला शब्द निवडण्यापूर्वी त्याचा खाका सोन्याच्या रंगाच्या कागदावर कापून दारावर चिकटवून, रस्त्याच्या पलीकडून पाहावा.