ट्रेलर घेऊन गड्ड्याला, आणि रुसलेला रेडिओ

मुक्कामाचा ट्रेलर घेऊन सोलापूरच्या गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेला निघालो. पुणे ते सोलापूर साधारण २५० किलोमीटर. बोलेरोमागे ट्रेलर असल्यामुळे साठच्या वर गेलोच नाही. इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ करत सहा तास लागले. वाटेत चहाला थांबलो तेव्हा बाबांनी ट्रेलरमध्ये बसून रेडिओ ऐकला, मस्त वाजला.

मुक्काम बोरामणीच्या अलीकडे मामांच्या शेतात. गाडी सोडवली, ट्रेलर लिंबाखाली लावला आणि रेडिओचं नाटक सुरू झालं. दिवा लागायचा, आवाज जरा वाढवला की बंद. मग आपणच पुन्हा चालू, आणि घड्याळ शून्यावर. बाबांना सकाळी आकाशवाणी सोलापूर लागतंच, त्यामुळे घरात दुखवटा. दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका दुकानात दाखवला. त्यांनी वायरीला हात न लावता सांगितलं, "सेट गेला, नवा बसवा."

मामा विहिरीच्या मोटारीची वायरिंग स्वतः करतात. त्यांनी एकच विचारलं, "अर्थिंग बघितलास का बे?"

नव्हतं बघितलं. अर्थिंग म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायचा रस्ता, ट्रेलरमध्ये तो लोखंडी सांगाड्यातून, म्हणजे चासीतून जातो. बॅटरीवर मीटर १२.५ व्होल्ट दाखवत होता आणि एलईडी दिवे लख्ख, म्हणून मी निर्धास्त होतो. तिथेच फसलो. एलईडीला करंट जेमतेम लागतो, तेवढा गंजलेल्या जोडातूनही जातो. रेडिओने आवाजासाठी जास्त ओढला की व्होल्टेज बसतं. ट्रेलरमधला पाण्याचा पंप रडत होता, तेव्हाच कळायला हवं होतं.

रेडिओ हळू आवाजात चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी रेडिओच्या काळ्या वायरीला लावली. इथे जवळपास शून्य यायला हवं, फार तर ०.१–०.२ व्होल्ट. आले २.९! हे माप सेट चालू असतानाच घ्या. बंद असताना खराब जोडही शून्यच दाखवतो.

बॅटरीचा निगेटिव्ह चासीला जोडणारी पट्टी खालून चिखलाने भरली होती, बोल्टखाली रंग आणि गंज. गाडी जोडलेली असताना अर्थ प्लगमधून बोलेरोकडून मिळत होता, म्हणून वाटेत तक्रार नव्हती. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, मग पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, वरून ग्रीस. पाऊण तासाचं काम, खर्च एका वॉशरचा.

रेडिओ बंद केला की स्टेशनंही विसरायचा, तो प्रकार वेगळा निघाला. पिवळी वायर कायम करंटची, लाल स्विचची. आधीच्या मालकाने दोन्ही एकत्र स्विचवर टाकल्या होत्या. पिवळी फ्यूजमधून थेट बॅटरीला नेली. मात्र ट्रेलर महिनोन्महिने उभा राहणार असेल तर हा फ्यूज काढून ठेवा, नाहीतर रेडिओ बॅटरी थोडी थोडी पीत राहतो. आणि फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचाच घाला. फ्यूजच्या जागी चांदीच्या कागदाचे प्रयोग नकोत, ट्रेलरमध्ये गाद्या असतात, पेट घेतील.

अजून खरखर उरली होती. एकेक गोष्ट बंद करत गेलो. मोबाईलचा स्वस्त चार्जर काढला आणि आवाज मोकळा झाला. अँटेनाचा तळही पत्र्याला घट्ट टेकायला हवा, तोही घासला.

आता गड्ड्याचं. ट्रेलर शहरात अजिबात नेऊ नका. भोगीला सिद्धेश्वर मंदिराजवळ सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा असतो आणि सात नंदीध्वजांच्या (उंच सजवलेल्या काठ्यांच्या) मिरवणुकीला लोटणाऱ्या गर्दीत दुचाकीही अडकते. आम्ही बोलेरो लांब लावून चालत गेलो. शेंगाचटणी आणि कडक भाकरी परतीच्या प्रवासासाठी बांधून घ्या, चूल पेटवायची गरजच पडली नाही.

पुण्यात पोचल्यावर तो अर्थिंगचा बोल्ट पुन्हा बघितला. अर्धा आटा ढिला झाला होता. पाना गाडीतच ठेवा.