२४ ग्रॅमचं काडतूस, मिशिगनची थंडी आणि वागळे इस्टेटचा मामा

शॉटगन म्हटलं की ठाण्यात आमच्या घरी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बँकेच्या दारातल्या वॉचमनची दुनळी येते. मी इकडे अमेरिकेत, मिशिगनला, शनिवारी शॉटगन घेऊन मैदानावर जातो म्हटल्यावर आईचा प्रश्न कायम एकच, कशाला रे हे असले उद्योग. तिची काळजी खरी आहे, इकडच्या बातम्या तिकडेही दिसतातच, म्हणून आधी थोडक्यात सांगतो. मी जातो ते क्ले शूटिंगला. डांबर आणि चुनखडीची साधारण ११ सेंटीमीटरची ताटली मशीन हवेत फेकतं आणि ती खाली पडायच्या आत छर्‍यांनी फोडायची, बास, एवढंच. २००४ ला अथेन्समध्ये राज्यवर्धन राठोडना सिल्व्हर मिळालं तो डबल ट्रॅप ह्याच घराण्यातला खेळ.

आणि हो, भाऊबंदांपैकी कुणी एच-१बी वर येणार असेल तर नीट ऐका, त्या व्हिसावर असताना फेडरल कायद्याने बंदूक बाळगायलाच बंदी आहे, शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर. मी ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत थांबलो. घरात लहान मुलं असतील तर बंदूक कुलपात ठेवायची हा मिशिगनमध्ये २०२४ पासून कायदाच आहे, आमची तर त्याच्या आधीपासून तिजोरीतच असते, काडतुसं वेगळ्या खोलीत.

आता मुद्दा. बायको (नेरूळची, तिकडे असताना तिने जत्रेतल्या फुग्यांवर पण कधी नेम धरला नव्हता) माझ्याबरोबर यायला लागली आणि तिला खेळ मनापासून आवडला, पण नेहमीच्या ३२ ग्रॅम छर्‍यांच्या काडतुसाने दुपारपर्यंत तिचा खांदा लाल व्हायचा. त्यावर उपाय म्हणजे हलकं काडतूस. ऑलिंपिकवाले पण २४ ग्रॅमच वापरतात, त्यामुळे त्यात कमीपणा काही नाही. तिच्यासाठी मी एक जुनी, सेकंडहँड, गॅसवर चालणारी सेमी-ऑटो (बार झाला की पुढचं काडतूस आपणच भरून घेणारी) घेतली, कारण गॅसवाल्या बंदुकीचा धक्का मुळात सौम्य लागतो. ३२ ला एकदम सुरळीत, २८ ला अधूनमधून कुरकुर, आणि २४ ला? २४ ला चाप ओढला की रिकामं काडतूस बंदुकीच्या बाजूला ते बाहेर पडायची खिडकी असते तिच्यात अर्धं आत अर्धं बाहेर, आणि बोल्टने, म्हणजे काडतुसामागे पुढेमागे सरकणार्‍या लोखंडी ठोकळ्याने, त्याचा प्लॅस्टिकचा काठ असा चावून धरलेला की बोटाने निघता निघत नाही. स्पोर्टिंग क्लेमध्ये ताटल्या जोडीने येतात, पहिली फुटली की दुसरी तोवर झाडांच्या मागे पसार, आणि ही बिचारी नळी मैदानाकडे धरून काडतूस उपसत बसलेली. मला ते बघवेना.

असं का होतं ते आधी समजून घेतलं पाहिजे. ह्या बंदुकीला बाहेरून कसली ताकद मिळत नाही, नवीन काडतूस भरायला लागणारी सगळी शक्ती त्याच बारातून येते. नळीला खालच्या बाजूने बारीक भोकं असतात, छर्रे त्यांच्या पुढे गेले की दारूच्या गॅसमधला थोडा त्या भोकांतून खाली पिस्टनवर येतो, पिस्टन दांड्याला मागे ढकलतो, दांडा बोल्टला, बोल्ट उघडतो, जाताना रिकामं काडतूस ओढून बाहेर फेकतो आणि मग रिटर्न स्प्रिंग त्याला परत पुढे आणते, येताना तो नवीन काडतूस घेऊन येतो. काडतूस हलकं म्हणजे ढकलायला शक्ती कमी. एकाच वेगाला २४ ग्रॅमचा जोर ३२ च्या पाऊणपटच. बोल्ट पूर्ण मागे जातच नाही, अर्ध्या वाटेवरून परत येतो आणि रिकाम्यालाच चिमटतो.

खोक्यावरचं नुसतं वजन बघू नका, वेग पण बघा. २४ ग्रॅम सेकंदाला १३०० फुटांनी जात असेल तर गुणाकार येतो ३१,२०० आणि २८ ग्रॅम ११५० ने जात असेल तर ३२,२००, म्हणजे जवळजवळ सारखंच. दारू कुठली आणि कशी जळते त्याने पण फरक पडतो, पण खरेदीच्या वेळी एवढा अंदाज पुरतो. सेकंदाला ९८० फूट वेगाची अगदी मऊ काडतुसं मिळतात ती मात्र सेमी-ऑटोसाठी नाहीतच, ती दुनळीत घालावीत.

मैदानावर सल्ला द्यायला माणसं तयारच असतात आणि बहुतेकांचा सल्ला एक, गॅसची भोकं ड्रिलने थोडी मोठी करून टाक. मला ते पटेना. मी सगळ्याचे फोटो काढून मामाला पाठवले. मामा पस्तीस वर्षं ठाण्याच्या वागळे इस्टेट औद्योगिक वसाहतीत, आधी टर्नर आणि नंतर हायड्रॉलिक-न्यूमॅटिक सिलेंडरच्या रिपेअरिंगमध्ये. खरी बंदूक त्याने हातात धरलेली नाहीये. आमचा शनिवार रात्रीचा साडेआठ म्हणजे त्याचा रविवार सकाळचा सात, चहाचा कप बाजूला ठेवून त्याने फोटो मोठे करून करून बघितले आणि म्हणाला, "अरे, हा तर एअर सिलेंडरच आहे की. प्रेशर कमी येतंय म्हणून तू लगेच पोर्ट मोठा करणार? आधी सांग, सील कुठे गळतंय, घासतंय कुठे, आणि स्प्रिंगची काय हालत आहे."

मी म्हटलं, सगळे ड्रिलच मारायला सांगतायत.

"मोठं केलेलं भोक लहान करता येतं का रे? उद्या जड काडतूस घातलंस की बोल्ट मागे आपटून आपटून बॉडी फोडेल. ड्रिल सगळ्यात शेवटी, आणि ते पण तू नाही, ज्याचं ते काम आहे त्याने."

मग त्याच क्रमाने गेलो. बंदूक रिकामी आहे ना ते डोळ्यांनी आणि बोटाने दोन्ही बघून घेतलं, आणि स्प्रिंगचं काम म्हणून डोळ्यांवर चष्मा. सील ठीक होतं. ज्या बंदुकांमध्ये तिथे रबराची ओ-रिंग असते, उदाहरणार्थ १९६३ पासूनची रेमिंग्टन ११००, त्यांच्यात ती चिरली की नेमकं हेच दुखणं येतं आणि ती रिंग अगदी किरकोळ पैशात मिळते, म्हणून तिथून सुरुवात करावी. गॅसच्या भोकांत काजळी दगडासारखी बसलेली होती, भोकाच्याच मापाचं ड्रिल बिट बोटांनी हळूच फिरवून ती काढली, बोटांनी म्हणजे बोटांनीच, मशीन नाही. मॅगझिनच्या, म्हणजे जास्तीची काडतुसं ठेवायच्या, नळीवर पिस्टन सरकतो तिथे आधीच्या मालकाने तेल सढळ हाताने ओतलेलं, त्यात काजळी मिसळून काळी चिकट पेस्ट झालेली. ती पूर्ण पुसली आणि तेलाचा हात नुसता फिरवला, जास्त नाही. मिशिगनच्या जानेवारीत उणे १० मध्ये जाड तेल मधासारखं होतं, पातळ सिंथेटिकच पाहिजे.

चेंबर, म्हणजे बार होताना काडतूस बसतं ती जागा, पण बघितलं. स्वस्त काडतुसांचा बूड बर्‍याचदा पितळेचा नसतो, वर पितळी मुलामा दिलेलं स्टील असतं, ते बार झाल्यावर फुगून बसतं आणि पितळासारखं पटकन आकसत नाही, म्हणजे आधीच दमलेल्या बोल्टला ते ओढायला आणखी जोर. ब्रॉन्झच्या ब्रशने चेंबर साफ केलं तर प्लॅस्टिकचे पापुद्रे निघाले.

पण खरा चोर दस्त्यात, खांद्याला टेकतो त्या मागच्या भागात, होता. ह्या बंदुकीची रिटर्न स्प्रिंग लाकडी दस्त्याच्या आत एका नळीत असते, बाहेरून काहीच दिसत नाही, मागचं रबरी पॅड काढायचं, मग लांब पान्याने आतला नट, मग दस्ता निघतो. मामाने फोटो बघूनच सांगितलेलं, "ही लपलेली आहे ना, म्हणजे हिच्याकडे कुणी बघितलेलं नसणार." नळीत कापड घातलं तर पहिलं चॉकलेटी बाहेर आलं, मग काळं, मग परत चॉकलेटी, गंज आणि जुनं तेल सुकून त्याची खळ झालेली. स्प्रिंगच्या मधल्या वेढ्यांवर गंजाची खरखर नखाला लागत होती. बोल्ट मागे येताना स्प्रिंग दाबायची तर दाबायचीच, वर ह्या चिखलातून घासत जायचं, २४ ग्रॅमची ताकद तिथेच संपत होती. नळी साफ केली, कंपनीच्या मापाची नवीन स्प्रिंग टाकली. बाजारात मुद्दाम नरम स्प्रिंगा मिळतात, त्या मी घेतल्या नाहीत, कारण मागे जाणं सोपं झालं तरी थंडीत बोल्ट पूर्ण पुढे येऊन बंद होईल ह्याची खात्री राहत नाही आणि अर्धवट बंद बोल्ट मला बायकोच्या चेहर्‍याजवळ नको.

बेनेलीसारख्या इनर्शियावाल्या बंदुकीचा हिशोब वेगळा बरं का. तिथे गॅसच नाही, धक्क्याने सगळी बंदूक मागे येते, जड बोल्ट जागच्या जागी राहतो, मधली छोटी दमदार स्प्रिंग दाबली जाते आणि ती मग बोल्टला मागे उडवते. म्हणजे बंदूक हलली पाहिजे. तिला वजनं लटकवली की हलक्या काडतुसावर ती अडणारच. आणि आमच्या मैदानावर एका आजोबांकडे जॉन ब्राउनिंग ह्या अमेरिकन बंदूक-डिझायनरची ऑटो-५ आहे, १९०० सालच्या पेटंटची, त्यांनी ती उघडून दाखवली तेव्हा मी खरंच भारावलो. तिच्यात अख्खी नळीच मागे येते आणि पुढच्या लाकडाखाली एक स्टीलची रिंग असते, ती स्प्रिंगच्या पुढे ठेवली की जड काडतूस, मागे ठेवली की हलकं. हत्यार न लावता, हाताने! सव्वाशे वर्षांपूर्वी ह्या माणसाने हा प्रश्न ओळखून उत्तर मालकाच्या हातात दिलेलं. मामाला व्हिडिओ पाठवला तर तो कितीतरी वेळ त्याच्यावरच बोलत होता.

मैदानावर तपासायची पद्धत सोपी आहे. आधी एकच काडतूस भरायचं. बार झाल्यावर बोल्ट मागे जाऊन तिथेच अडकून थांबला म्हणजे त्याने पूर्ण पल्ला गाठला. मग दोन भरायची आणि दुसरं आपोआप वर येतं का बघायचं. शिवाय रिकामं काडतूस कुठे पडतं ते बघा, पायाशी टपकलं तर जोर जेमतेम आहे. आमचं आधी बुटावर पडायचं, आता उजवीकडे चांगलं दोन-तीन पावलं लांब जातं, आणि बायकोने २४ ग्रॅमवर २५ ताटल्यांची अख्खी फेरी एकदाही न अडता मारली. तिने बंदूक उघडून रॅकवर ठेवली आणि पहिलं काय विचारलं असेल तर मामाला फोन लावू का, तिकडे किती वाजलेत.

कडक थंडीत पहिल्या एक-दोन बारांना अजून जरा आळस दिसतो. मामाचं म्हणणं आता पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, व्हर्नियरने दोन ठिकाणी माप घेऊन पाठव, एक सांध्याजवळ आणि एक समोरच्या बाजूला. ते ह्या आठवड्यात करतोय, आकडे आले की लिहितो.