दरवाजा उघडला, पाणी अजून यायचंय

मंगळवार, रात्री

आज बारावीच्या वर्गात उत्कंठेवर तास झाला. कथा हा साहित्यप्रकार त्यांना अभ्यासाला आहे, त्यामुळे व्याख्या बहुतेकांची तोंडपाठ. पुढं काय होणार याची वाचकाला लागलेली ओढ म्हणजे उत्कंठा. व्याख्येत खोट काही नाही. पण ही ओढ लेखक लावतो कशी, असं विचारलं की सगळ्या बाकांवरून एकच उत्तर येतं: लपवून. खुनी कोण ते सांगायचं नाही, पेटीत काय ते सांगायचं नाही आणि शेवटच्या ओळीत दणका द्यायचा. त्यांनी लिहून आणलेल्या कथाही तशाच. पानापानावर 'अचानक'. अचानक दार वाजलं, अचानक लाइट गेली, अचानक ती किंचाळली. लिहिणारा धापा टाकतोय आणि वाचणारा आहे तिथंच बसून आहे.

माझं मत नेमकं उलट आहे. वाचकाला आधी सांगून टाकावं, मग थांबवावं. हे त्यांच्या गळी उतरवायचं म्हणून मी फळ्यावर फक्त दोन आकडे लिहिले. ३९ आणि ४३.

कोल्हापूरच्या पोरांना हे आकडे समजावून द्यावे लागत नाहीत. "राजाराम बंधारा, सर," मागच्या बाकावरून आवाज आला. "एकोणचाळीस इशारा, त्रेचाळीस धोका." पंचगंगेच्या पुराची पातळी या बंधाऱ्यापाशी फुटांत मोजतात. २०१९ च्या ऑगस्टात ती ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा ही सगळी लहान होती, पण त्यातलं कुणी काही विसरलेलं नाही. मी विचारलं, जास्त भीती कधी वाटली? पाणी घरात आलं तेव्हा, की त्याच्या आधी?

आंबेवाडीची एक मुलगी आहे, वर्गात फारशी बोलत नाही. ती उभी राहिली. "खरं सर, पाणी आलं तवा भ्या न्हाई वाटलं. तवा नुसती सामान उचलायची गडबड. आदल्या रात्री वाटलं. पप्पा सारखं मोबाइलवर बघालते, किती फुटांवर आलंय. मी पण जागाच होतो."

मग आम्ही त्या रात्रीची उलटतपासणीच केली. काय काय ठाऊक होतं? राधानगरी धरण भरलंय, हे ठाऊक. तिथले दरवाजे स्वयंचलित, पातळी गाठली की आपोआप उघडणारे, त्यामुळे कुणाच्या हातापाया पडून ते थांबायचे नाहीत, हेही ठाऊक. तिथून सुटलेलं पाणी भोगावतीतून पंचगंगेला यायला काही तास लागतात, हे ठाऊक. आपल्या घराची पायरी किती उंच, हे तर ठाऊकच. मग ठाऊक नव्हतं काय? पाणी त्या पायरीला शिवणार का, आणि शिवलं तर कधी. एवढंच. बाकी सगळं माहीत होतं म्हणूनच झोप लागली नाही. ज्याला धरणाचं काहीच माहीत नव्हतं असा पाहुणा त्या रात्री घरात असता, तर तो घोरत पडला असता.

लेखकानं वाचकाला पाहुणा ठेवू नये, घरचा करावा, असं मी म्हटलं. दरवाजा उघडल्याची बातमी त्याला द्यावी आणि पाणी पोचेपर्यंतचे तास त्याच्याबरोबर काढावेत. कथेची खरी जागा त्या तासांत असते.

रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक यानं हीच गोष्ट फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या मुलाखतीत बॉम्बचं उदाहरण देऊन सांगितली आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे, प्रेक्षकाला पत्ता नाही आणि तो फुटला: पंधरा सेकंदांचा धक्का. बॉम्ब ठेवताना प्रेक्षकानं पाहिलंय, घड्याळ समोर आहे आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारताहेत: पंधरा मिनिटं जीव टांगणीला. पुराच्या चर्चेनंतर हे सांगायला दोन वाक्यं पुरली.

खरा वेळ दिला तो 'माकडाचा पंजा'ला. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची १९०२ सालची इंग्रजी कथा, मी ती माझ्या मराठीत सांगतो. म्हातारं जोडपं, तीन इच्छा पुरवणारा वाळका पंजा. पहिल्या इच्छेला दोनशे पौंड मागितले. ते आले, पण मुलगा कारखान्यात यंत्रात सापडून गेला, त्याची भरपाई म्हणून. दुसरी इच्छा आईच्या हट्टानं: पोरगा परत येऊ दे. आणि मग रात्री दारावर थाप.

इथं मी वेग एकदम कमी करतो. आई खाली धावते. साखळी निघते, खालचा बोल्ट कष्टानं सरकतो. वरच्या बोल्टला तिचा हात पुरत नाही. नवऱ्याला हाक मारते. तो वर अंधारात, हातापायावर रांगत, पडलेला पंजा चाचपडतोय, कारण दाराबाहेर जे उभं आहे ते आत येण्याआधी त्याला तिसरी इच्छा मागायची आहे. खाली खुर्ची ओढल्याचा आवाज येतो. ती खुर्ची मांडतेय, वर चढणार. बोल्ट करकरतो.

खुर्चीपाशी मी थांबलो आणि खिडकीकडं बघत उभा राहिलो. "सर, सांगा की!" असा गलका झाला.

सांगितलं नाही. उलट विचारलं, जेकब्जनं तुमच्यापासून लपवलंय काय? बाहेर कोण आहे, याचा अंदाज सगळ्यांना. ती काय करतेय, दिसतंय. तो काय शोधतोय, माहीत आहे. लेखकानं उशीर मात्र केलाय, आणि तो कसला, तर एका बुटक्या बाईचा हात न पुरण्याचा. हे मला फार मोठं वाटतं. तिथं त्यानं वाऱ्याचं वर्णन घातलं असतं, आभाळाचं घातलं असतं, तर वाचकाला कळलं असतं की हा मुद्दाम ताणतोय. बोल्ट उंचावर असणं ही घरातली साधी गोष्ट आहे. आणि तिची प्रत्येक हालचाल दार उघडण्याच्या जवळ नेणारी आहे. आपल्याला थांबवलं जातंय आणि त्याच वेळी पुढंही ढकललं जातंय. त्यात एकाचं यश म्हणजे दुसऱ्याचा घात, आणि दोघांवर आपला जीव जडलेला. मग कुणाच्या बाजूनं श्वास धरायचा? उगाच लांबवलेला उशीर आणि पात्रांच्या हातापायांतून आलेला उशीर यांतला फरक एकदा कळला की निम्मं काम झालं.

त्यानंतर शेवट सांगितला. दार उघडतं आणि रस्ता रिकामा. बाहेर कोण होतं ते जेकब्ज शेवटपर्यंत दाखवत नाही. दोघा-तिघांना हे पटलं नाही, त्यांना दाराबाहेरचं बघायचंच होतं. मला ते आवडलं. न बघितलेल्या गोष्टीवरून वर्गात भांडण लागावं, यापेक्षा त्या कथेचा मोठा मान कोणता?

उरलेल्या वेळात एका मुलाची कथा सगळ्यांनी मिळून उलटीपालटी केली. त्याची परवानगी आधीच घेतली होती. मूळ कथा अशी: वडील दुधाच्या बिलाचे आलेले पैसे पत्र्याच्या डब्यात ठेवतात. एक दिवस डबा उघडतात तर पैसे गायब. शोधाशोध, शेजाऱ्यावर संशय. शेवटच्या ओळीत कळतं की पैसे विजयनं, म्हणजे पोरानंच, घेतलेत. मी म्हटलं, शेवटची ओळ उचल आणि पहिली कर. त्यानं तिथंच लिहिलं: "डब्यात पैसे नाहीत, हे घरात फक्त विजयला माहीत होतं."

एवढ्यानं सगळी कथा जिवंत झाली. वडील मळ्यातून येतात. पाय धुतात. चहा मागतात. म्हशीनं आज वैरण तोंडात धरली नाही म्हणून सांगतात. कुणीतरी सुचवलं, "सर, पेंड संपलीय असं म्हणू दे त्यांना." बरोबर! पेंड संपली म्हणजे पैसे लागणार, पैसे लागणार म्हणजे डबा. म्हशीचं वाक्य मघाशी नुसतं घरगुती होतं, आता ते डब्याकडं चालू लागलं. दुसरी म्हणाली, आई मध्येच म्हणू दे, "जेवून जावा, दुकान काय पळून जातंय?" हाही घरातलाच उशीर. आणि विजय? तो काय करेल? एकानं त्याला घाम फोडला, दुसऱ्यानं रडवलं. आंबेवाडीची ती मुलगी म्हणाली, "तो आज कुणी न सांगता वडिलांचं ताट वाढेल." मला ते वाक्य तिच्या वहीत कायमचं हवं आहे म्हणून लगेच लिहून ठेवायला लावलं.

परीक्षेत यातलं काही विचारणार नाहीत, हे मला कळतं. तिथं व्याख्या आणि दोन मुद्दे लिहिले की गुण मिळतात, ते मी करून घेईनच. पण एकदा 'अचानक' खोडायची सवय लागली की ही पोरं कुठलीही कथा वाचताना लेखकाचे हात बघायला लागतात, आणि त्यासाठी दोन जादा तास खर्ची पडले तरी चालतील.

विजयचे वडील डबा उघडतात का, हे अजून ठरलेलं नाही. लिहिणारा म्हणतो उघडू दे, वर्ग म्हणतो नको. गुरुवारच्या तासाला दोन्ही शेवट लिहून आणायला सांगितलेत, त्याच्यासकट सगळ्यांना.