डबा बोलला की निघायचं

आमची लेक एकोणीस वर्षांची. डाऊन सिंड्रोम आहे. ओळखीचे शब्द वाचते, आकडे शंभरपर्यंत पक्के, त्यापुढे मूड असेल तसे. कोपऱ्यावरच्या दुकानात एकटी जायची, पण सुट्ट्या पैशांत घोळ व्हायचा. दुकानदार काका सरळ माणूस, म्हणून निभावलं. पुढे जो तो फोन काढून पैसे द्यायला लागला आणि हिनेही हट्ट धरला, "मला पण तसंच."

पहिला अडथळा भलताच निघाला. ती स्क्रीनवर बोट टेकवायची ते उचलायचीच नाही. या मुलांचे स्नायू मुळात सैल, त्यामुळे अलगद टेकवून लगेच सोडणं जड जातं. फोनला वाटायचं, हिला ॲप हलवायचंय. दोनदा ॲपचं चित्रच समोरून गायब झालं. बोट किती वेळ टेकलं म्हणजे 'दाबून धरलं' समजायचं, हे सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत वाढवता येतं. मला ते कळायला महिना गेला, तोवर मी तिच्यावरच चिडत होते.

शाळेतल्या ताईंनी सांगितलं, शेवटची पायरी आधी शिकवा. म्हणजे सगळं मी करायचं आणि शेवटचं तेवढं तिने. शेवटचं काय, तर दुकानातला डबा "चाळीस रुपये प्राप्त झाले" बोलला की पिशवी उचलून निघायचं. डबा गप्प असेल तर हलायचं नाही. हे तिला इतकं आवडलं की दुसऱ्या कुणाचे पैसे आले तरी निघायची! मग आपला आकडा ऐकायला शिकवलं. त्याच्या आधीची पायरी पिन, त्याच्या आधी रक्कम, आणि सगळ्यात शेवटी शिकवलं स्कॅन करणं. ती फोन कोडला जवळजवळ चिकटवायची. "एक वीत लांब" म्हटल्यावर जमलं; आधी वीत मोजून बघायची, मग फोन धरायची.

पिनने मात्र घात केला. आकडे आम्ही लहानपणापासून मोठ्याने म्हणायला शिकवलेले. तिने भर दुकानात पिनचा एकेक आकडा खणखणीत म्हणून दाबला. पाठीमागे तीन गिऱ्हाइकं. संध्याकाळीच पिन बदलला.

ऑगस्ट २०२४ मध्ये यूपीआय सर्कल आलं, ते आमच्यासाठीच काढल्यासारखं. खातं माझं, फोन तिचा, तिचं स्वतःचं खातं असायची गरज नाही. यात दोन प्रकार आहेत. एकात तिने स्कॅन करून रक्कम टाकली की मागणी माझ्या फोनवर येते आणि पिन मी टाकते. दुसऱ्यात मी महिन्याची मर्यादा ठरवून देते, जास्तीत जास्त १५,००० रुपये, आणि तेवढ्यात ती मला न विचारता खर्च करते. मी अर्थातच पहिला घेतला. कुकरची शिट्टी आणि "४० रुपये" एकदमच यायला लागले.

अनोळखी फोनचं शिकवणं सगळ्यात कठीण गेलं, अजून पुरतं झालेलं नाही. ही सगळ्यांशी गोड. मावशीने नव्या नंबरवरून बँकवाली होऊन फोन केला, तर हिने नाव, पत्ता आणि आज भाजी काय केली तेही सांगितलं. आता नियम एकच: नंबरावर फोटो नसेल तर फोन आईच्या हातात. दर आठवड्याला घरातलं कुणीतरी चोर होतं. दहापैकी सात वेळा फोन माझ्याकडे येतो.

मग एके दिवशी मागणी आली, २७० रुपये. मी दूध आणि पाव सांगितलेला. वाटलं, २७ चे २७० झाले. नाकारली. ती रिकाम्या हाताने घरी आली, चप्पल न काढता उभी राहिली. "काका बघत होते. तू नाही म्हणालीस." तिने बांगड्या निवडल्या होत्या. रक्कम अगदी बरोबर टाकली होती, शून्यासकट.

रात्री तिच्या बाबांशी बोलले आणि दुसरा प्रकार चालू केला. महिन्याला ६०० रुपये. बांगड्या तिने दुसऱ्याच दिवशी आणल्या, हिरव्या. या महिन्याचे १८० उरलेत. कशाला ठेवलेत विचारलं, तर म्हणाली, "माझे आहेत."