टेक्निकलचे सर आणि इंजिनाची सायकल

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून पाठवावे, असे संपादक मंडळाचे पत्र वाळूजच्या पत्त्यावर आले आणि त्या दिवशी कारखान्यातील कामावर माझे लक्ष लागले नाही. शाळेतील सर्वच गुरुजनांचे माझ्यावर ऋण आहे, तरीही लिहायला बसलो की टेक्निकलच्या सरांखेरीज दुसरे कोणी डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून मी फक्त त्यांच्याविषयीच लिहिणार आहे; इतर शिक्षकांविषयी माझ्याहून चांगले लिहिणारे माजी विद्यार्थी आहेत. सरांना स्वतःचे नाव छापून आलेले कधीच आवडत नसे, त्यामुळे येथेही ते लिहीत नाही. त्या काळात शाळेत असलेल्या कोणालाही ते सांगण्याची गरज पडणार नाही.

नववीत असताना आम्ही चौघा मित्रांनी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी इंजिनाची सायकल तयार केली. ऐंशीच्या दशकात परभणीच्या बाजूला कापसावर फवारणी करण्यासाठी पाठीवर घ्यायचे पेट्रोलचे पॉवर स्प्रे आले होते. त्यांपैकी एक आमच्यातील एकाच्या वडिलांकडे होता. त्याची औषधाची टाकी फुटली होती, मात्र 35 सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन धडधाकट होते. सायकल शिपाईमामांची. मामा शाळेची घंटा देण्याआधी पहाटे गावातून दूध आणून घालत, आणि नवी सायकल घेतल्यावर जुनी त्यांनी आम्हाला आनंदाने देऊन टाकली. गावोगावचे ग्रामसेवक आणि गुरुजी तेव्हा लुनावर फिरत असत. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने 1972 मध्ये आणलेली ती 50 सीसीची गाडी आमच्या दृष्टीने मोठ्या माणसांची होती, आणि तशी आपणही करावी एवढीच आमची कल्पना होती. सरांनी ती कल्पना ऐकून घेतली आणि आम्हाला होंडांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 मध्ये, जपानमधील हमामात्सु गावात सोइचिरो होंडा यांनी लष्कराच्या बिनतारी यंत्रांना वीज पुरवणारी शिल्लक राहिलेली लहान इंजिने मिळवली आणि ती साध्या सायकलींना बसवून विकायला सुरुवात केली. फवारणीच्या इंजिनावर सायकल चालवू पाहणारी ती चार मुले त्या दिवशी किती ताठ मानेने घरी गेली असतील, याची वाचकांनी कल्पना करावी.

दुसऱ्या दिवशी सरांनी इंजिनाला हातही लावू दिला नाही. त्यांनी टायरवर खडूची खूण करायला लावली आणि सायकल व्हरांड्यात सरळ ढकलून चाकाच्या एका फेऱ्यात किती अंतर जाते ते मोजून घेतले. ते 2.2 मीटर भरले. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असताना सायकल ताशी 25 किलोमीटरच्या आसपास चालावी, असे धरून चाकाचे फेरे किती हवेत याचे गणित त्यांनी फळ्यावर मांडले. इंजिनाच्या साधारण 16 फेऱ्यांना चाकाचा एक फेरा, असे उत्तर आले. एकाच चेनीवर एवढी मोठी घट करता येत नाही, कारण त्यासाठी मागचे चेनव्हील जवळजवळ चाकाएवढे करावे लागते. म्हणून दोन टप्पे ठरले. इंजिनापासून मधल्या शाफ्टपर्यंत पिठाच्या गिरणीचा व्ही-बेल्ट, 2 इंची पुलीवरून 8 इंची पुलीवर. आणि मधल्या शाफ्टपासून मागच्या चाकापर्यंत सायकलचीच अर्ध्या इंच पिचची, म्हणजे दोन पिनांमध्ये अर्धा इंच अंतर असलेली चेन, 12 दातांवरून 48 दातांवर. चार गुणिले चार, सोळा. इंजिनाच्या वेगातून कमी केलेले फेरे चाकाला ताकद म्हणून परत मिळतात, हे पुस्तकात आम्ही वाचले होते. सरांनी ते खडूने फरशीवर दाखवले.

48 दातांचे चेनव्हील जुन्या सायकलच्या क्रँकवरून मिळाले. 12 दातांचे मात्र घडवावे लागले, आणि माझ्या पुढच्या आयुष्याला जे वळण लागले ते येथे लागले, असे मी आज खात्रीने म्हणू शकतो. आम्हाला 9 दात हवे होते, कारण चक्र जितके लहान तितकी चढावर ओढ जास्त. सरांनी कंपास हातात दिला आणि वर्तुळाचे 9 सारखे भाग करून दाखवा, असे सांगितले. ते कोणालाही जमले नाही. कंपास आणि पट्टीने ते नेमके करताच येत नाहीत, हे त्यांनी नंतर सांगितले. त्रिज्येने वर्तुळाचे 6 भाग आपोआप पडतात आणि प्रत्येकाचा मध्य काढला की 12 होतात. दुसरे कारण त्यांनी चेन हातात धरून समजावले. चेन चक्रावर गोल बसत नाही, दातांच्या संख्येएवढ्या बाजूंच्या बहुकोनावर बसते, त्यामुळे चक्र एका वेगाने फिरले तरी चेन सारखी मागेपुढे होत राहते. 9 दातांवर तिचा वेग सुमारे 6 टक्के खालीवर होतो, तर 12 दातांवर साडेतीन टक्क्यांच्या आत राहतो. मग 3 मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर 49 मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ आखले, 12 ठिकाणी पंच मारला, प्रत्येक खुणेवर 8 मिलिमीटरचे छिद्र पाडले आणि बाहेरचा भाग हॅक्सॉने कापून उरलेले दात कानशीने घडवले. छिद्राच्या अर्ध्या भागात चेनीचा रोलर अलगद बसला पाहिजे, ना घट्ट, ना सैल. एक दात जरा जास्त घासला गेला तर सर रागावत नसत. शांतपणे नवा पत्रा पुढे ठेवत.

मधला शाफ्ट 20 मिलिमीटरचा होता. त्याला जळालेल्या मोटारीतील 6204 नंबरची बेअरिंगे आपल्या शाळेच्या लेथवर तयार केलेल्या घरांत बसवली. चौकटीवर वेल्डिंग करण्यास सरांनी ठाम नकार दिला. सायकलच्या नळ्या पातळ असतात आणि सांध्यांना पितळेने झाळलेल्या असतात, तेथे वेल्डिंगची उष्णता दिली की नळी कमजोर होते, म्हणून सर्व काही पट्टीच्या क्लॅम्पने आणि जुन्या ट्यूबचे तुकडे मध्ये घालून आवळले. मागच्या चाकाचे चेनव्हील आऱ्यांना बांधण्याऐवजी दोन अर्ध्या कड्यांनी हबवर धरले. क्लचसाठी त्यांनी केलेली युक्ती तर मी आजही मुलांना सांगतो. बेल्ट मुद्दाम सैल ठेवला होता आणि त्यावर दाब देणारी एक लहान पुली हँडलवरील लिव्हरला जोडली होती. लिव्हर दाबली तरच बेल्टला ताण येई आणि ओढ चाकापर्यंत पोहोचे. हात सुटला की स्प्रिंगमुळे पुली मागे येऊन चाक सुटे होई. मुलगा घाबरला तर त्याचा हात आपोआप सुटेल आणि गाडीची ओढ थांबेल, हा त्यामागचा विचार होता. इंजिन चढवण्यापूर्वी पुढच्या-मागच्या ब्रेकची रबरे आणि सळ्या बदलून घेतल्या. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील मोजपात्राने लिटरभर पेट्रोलला 40 मिलिलिटर ऑइल मोजून घातले.

आता ज्या प्रसंगासाठी हे सारे सांगितले, तो असा. पहिल्यांदा मैदानावर गाडी चालवली तेव्हा इंजिन उत्तम चालले, परंतु लिव्हर दाबून ओढ आली की मागच्या चेनव्हीलवरून चेन उतरायची. पुन्हा चढवली, पुन्हा उतरली. चेन जुनी आहे म्हणून ती बदलली, दात पुन्हा तपासले, चाकाची आउट काढली, तरी तेच. संध्याकाळ झाली होती, शाळा सुटली होती, प्रदर्शन जवळ आले होते आणि सरांच्या गावाची शेवटची एसटी निघायची वेळ झाली होती. आम्ही त्यांना जाण्याची विनंती केली. सरांनी कपाटातून सुतळीचा गुंडा काढला. सायकलचे चाक काढून त्यांनी सुतळीचे एक टोक मागचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या एका खाचेला बांधले, ती हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताठ आणली आणि सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचे अंतर आम्हाला मोजायला लावले. दोन्ही बाजूंत 6 मिलिमीटरचा फरक निघाला. सर म्हणाले, “लेकरांनो, चेनीचा काही दोष नाही. चौकटच एका अंगाला गेली आहे.” मामांनी इतकी वर्षे दुधाचा जड कॅन एकाच बाजूला अडकवून नेला होता आणि त्या भाराने मागचा चिमटा हळूहळू कललेला होता. पायडल मारताना ते कधी जाणवले नाही, कारण उजव्या बाजूच्या चेनीवर माणसाची ताकद पडत होती; इंजिनाची ओढ डाव्या बाजूने आली तेव्हा ते उघड झाले.

त्यानंतर सरांनी जे केले ते मी विसरू शकत नाही. ते फरशीवर गुडघे टेकून बसले, चिमट्यात लाकडी वासा घातला आणि थोडा-थोडा दाब देऊन प्रत्येक वेळी सुतळी लावून मोजत राहिले. उष्णता देऊन पटकन सरळ करता आले असते, परंतु तसे करायचे नाही, हे त्यांनी आधीच सांगितले होते. आमच्यापैकी एक जण कंदील धरून होता, कारण वीज गेली होती. एसटी केव्हा निघून गेली ते कोणाच्या लक्षातही आले नाही. दोन्ही बाजूंचे अंतर सारखे आल्यावर त्यांनी चाक बसवून चेन चढवली आणि स्वतः न बसता आमच्यातील सर्वांत लहान मुलाला गाडीवर बसवले. चेन उतरली नाही. त्या रात्री सर कर्मशाळेच्या बाकावरच झोपले. मामांनी घरून भाकरी आणि पिठले आणले होते, ते आम्ही सर्वांनी मिळून खाल्ले.

गाडी रस्त्यावर नेण्यास सरांनी कधीही परवानगी दिली नाही. तिला नोंदणी नव्हती आणि आमच्याकडे परवाने नव्हते. आजच्या मोटार वाहन कायद्यातही चारपेक्षा कमी चाकांच्या गाडीला 25 सीसीपर्यंतचे इंजिन असेल तरच सूट आहे, हे हौसेने अशा गाड्या बनवणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवावे. आमची गाडी केवळ शाळेच्या मैदानावर आणि प्रदर्शनाच्या मांडवासमोर चालली. परीक्षकांनी इंजिनाविषयी विचारले, सरांनी आम्हाला चौकटीविषयीही सांगायला लावले.

आयटीआय करून मी तेव्हाच्या औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला आलो. वाळूजला बजाजचा कारखाना आल्यानंतर आजूबाजूला सुट्या भागांची लहान-लहान वर्कशॉप उभी राहत होती, त्यांपैकी एकात लागलो आणि पुढे स्वतःचे सुरू केले. आज आमच्याकडे स्प्रॉकेट, म्हणजे चेनीची दातेरी चक्रे, तयार होतात, त्यातले बरेचसे पेरणी यंत्रांसाठी. मराठवाड्यात सोयाबीन वाढल्यापासून रुंद वरंबा सरीच्या पेरणी यंत्राला मागणी आहे. त्यात जमिनीवर फिरणाऱ्या चाकाची गती चेनीने बियाण्याच्या तबकडीला मिळते आणि स्प्रॉकेटचे दात बदलले की दोन बियांमधले अंतर बदलते. दात आता हॉबिंग मशीनवर, म्हणजे दात पाडणाऱ्या यंत्रावर पडतात, 9 पाडायचे म्हटले तरी अडचण येत नाही. नव्याने कामावर येणाऱ्या प्रत्येक मुलाला मात्र मी पहिल्या आठवड्यात पत्र्यावर 12 दात आखून कानशीने घडवायला देतो. त्याची चिडचिड होते, हे मला माहीत आहे, तरीही देतो.

मागच्या वर्षी शाळेत गेलो होतो. टेक्निकलचा विषय बंद झालेला आहे, कर्मशाळेच्या खोलीत संगणक आहेत आणि लेथ कोठे गेला ते कोणाला सांगता आले नाही. संगणकाविषयी माझी काहीही तक्रार नाही, माझ्या कारखान्यातही तेच चालतात. पण ज्या मुलाने कानस धरलेली नाही त्याला पडद्यावरची मिलिमीटरची रेघ खरी वाटत नाही, असा माझा अनुभव आहे, आणि त्या खोलीत उभे राहताना मला फार वाईट वाटले. सर आज हयात नाहीत. निवृत्तीनंतर ते आपल्या गावी शेतीची अवजारे दुरुस्त करून देत असत, आणि पैसे घेत नसत.

माझ्याकडे चांगल्या स्थितीतला एक लेथ आणि एक ड्रिल मशीन शिल्लक आहे. अमृतमहोत्सवी वर्षात ती दोन्ही शाळेला द्यावीत, अशी माझी इच्छा आहे. आजच्या मुलांना इंजिन नको असेल तर मोटार घ्यावी. ताशी 25 किलोमीटरच्या आत चालणाऱ्या आणि 250 वॅटपेक्षा कमी शक्तीच्या विजेच्या सायकलला नोंदणी लागत नाही, आणि चेन तीच अर्ध्या इंचाची राहते. शाळेने थ्री-फेज जोडणी आणि सिमेंटचा पक्का चौथरा एवढे करून द्यावे. यंत्रे पोहोचवणे, बसवणे आणि सुरुवातीला शनिवारी येऊन मुलांना शिकवणे माझ्याकडे राहील. मुख्याध्यापकांना तसे पत्र मी या लेखासोबतच पाठवत आहे.