गांधी शताब्दी प्रूफ सेट: दहाचं नाणं सुटलं एकदाचं!

दहा रुपयांच्या नाण्यावरची, जुन्या प्लास्टिक पाकिटामुळे आलेली हिरवी चिकट पूर्ण गेली भाऊ! गांधी शताब्दीचा १९६९ चा प्रूफ सेट (संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेली नाणी) मला ग्रेडिंगला, म्हणजे दर्जा तपासून नंबर देणाऱ्यांकडे पाठवायचा आहे. त्यातला रुपया, पन्नास पैसे नि वीस पैसे अगदी तयार आहेत, रुपया नि पन्नास पैसे या निकेलच्या दोघांना तर जुन्या मऊ पाकिटाने काहीच केलं नव्हतं. घोडं अडलं होतं ते दहापाशी. १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी, आणि त्या मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटातून हळूहळू सुटणारं आम्ल चांदीत मिसळलेल्या तांब्याला धरतं, त्यात नागपूरचा उन्हाळा म्हणजे ते काम आणखीच जोरात. असं नाणं तसंच पाठवलं की नंबर मिळत नाही, लेबलवर 'डिटेल्स' (म्हणजे नाण्यात दोष आहे) येतं, मग आरशासारखं फील्ड (चित्राभोवतीचा सपाट भाग) असून काय उपयोग.

ॲसिटोन या द्रावकाने चिकट निघते, ते चांदीला हात लावत नाही. पण नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात वापरू नका, त्यात तेल नि सुगंध असतो. मी लॅबचं सामान विकणाऱ्याकडून शुद्ध ॲसिटोन आणलं, काचेच्या वाटीत नाणं बुडवून ठेवलं, कापूस नाही, घासणं नाही, प्रूफवर नुसता कापूस फिरवला तरी हेअरलाइन्स (केसासारखे बारीक ओरखडे) येतात. हिरवं गेलं, पण नाणं बाहेर काढून वाळलं की गांधीजींच्या चेहऱ्याभोवती पांढुरका धूसरपणा! परत बुडवा, परत तेच. आता पृष्ठभागच खराब झाला असेल असं वाटून झोप उडाली माझी.

मग एकदा वाळताना अगदी जवळून पाहून राहिलो तर दिसलं, ॲसिटोन उडताना नाणं गार पडतं आणि त्यावर बारीक दव जमतं! पावसाळ्यातली दमट हवा, बाकी काही नाही. एसी ड्राय मोडवर लावून खोली कोरडी केली, शेवटचं बुडवणं ताज्या ॲसिटोनमध्ये केलं, नाणं कडेवर उभं ठेवून वाळवलं, आणि फील्ड काळंभोर, फ्रॉस्ट (उठावाच्या चित्राचा खरबरीत भाग) पांढरा. लेबलवर कॅमिओ (काळ्या फील्डवर पांढरं चित्र उठून दिसणं) येईल असं मला आता खरंच वाटतंय. ॲसिटोन भयंकर पेटतं, गॅसजवळ नको, आणि एसी चालू असला तरी वाफ कोंडू देऊ नका.

इतवारीतल्या एका दुकानदाराने सांगितलं होतं चिंच लावून चकाचक करून देतो, तसं कधीच करू नका, ग्रेडरला लगेच कळतं. फ्लिप (नाणं ठेवायची पारदर्शक पाकिटं) मायलरचेच, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकचेच घ्या, थोडे कडक असतात, नाणं आत घालताना कडा घासू देऊ नका.

माझा विचार होता सोबत १९११ चा पंचम जॉर्जचा डुकरी रुपयाही (राजाच्या अंगावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून हे नाव) पाठवायचा, पण परदेशात पाठवायचं असेल तर ते विसरा, शंभर वर्षं झालेलं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं, खासगी माणसाला बाहेर पाठवता येत नाही. भोसल्यांचे रुपयेही त्यातच आले. ते घरीच छान.

हे लिहिता लिहिता एक सुचलं, चारही एकदम पाठवण्यापेक्षा दहाचं एकटंच आधी पाठवावं. चिकटीचा कुठे अंश राहिला असेल तर तिथेच कळेल, मग बाकी तिघे. त्याआधी एक आठवडा नव्या मायलरमध्ये ठेवून बघतो, हिरवं परत उमटतं का ते.