लाख-कोटींचे स्वल्पविराम

आज दिवसभर बिलांच्या रकमा. जावास्क्रिप्टमध्ये १२,३४,५६७ असे स्वल्पविराम टाकायला लोक अजूनही हातभर लांब रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधायची सूत्रं) जपून ठेवतात. कशाला? आकडा स्थानिक पद्धतीने लिहून देणाऱ्या टू-लोकेल-स्ट्रिंग या फंक्शनला ‘एन-आयएन’ (भारतीय इंग्रजी) दिलं की झालं. ‘एमआर-आयएन’ (मराठी) दिलंत तर आकडेही देवनागरीत येतात. मिनिमम आणि मॅक्झिमम फ्रॅक्शन डिजिट्स (दशांश चिन्हानंतरचे किमान आणि कमाल आकडे) दोन्ही २ ठेवा, नाहीतर ५०.५० चं ५०.५ दिसतं आणि गिऱ्हाईक विचारतं, उरलेलं शून्य कुठे गेलं?

खरी गोची रक्कम परत वाचताना. मजकुरातून पूर्णांक काढणाऱ्या पार्स-इंटला ती स्वल्पविरामासकट दिली की पहिल्या स्वल्पविरामाशीच थांबतं. १२ लाखांचे सरळ १२ रुपये, आणि एरर नाही की काही नाही! त्याऐवजी ‘नंबर’ हे फंक्शन वापरलं तर ते निदान ‘नॅन’ (हा आकडा नाही) तरी देतं. म्हणून साठवताना रक्कम रुपयांत नाही, पैशांत, पूर्णांकात. फॉरमॅटिंग फक्त स्क्रीनवर दाखवताना.